छातीठोक कबूतर

बोली सुरू झाली होती दोनशे युरोंपासून. नोव्हेंबर २०२० मध्ये बेल्जियममधला तो ऑनलाइन लिलाव संपला, तेव्हा 'न्यू किम' नावाच्या दोन वर्षांच्या मादीची किंमत झाली होती १६ लाख युरो. आपल्या हिशेबात तेव्हाचे साधारण चौदा कोटी रुपये. एका कबुतरासाठी! त्याआधी मार्च २०१९ मध्ये 'अरमांडो' नावाचा नर साडेबारा लाख युरोंना गेला, तेव्हाच लोकांनी तोंडात बोटं घातली होती. न्यू किमनं त्यालाही मागे टाकलं. टोपणनावानं बोली लावणाऱ्या एका चिनी खरेदीदारानं तिला घेतलं. शर्यतीत उडवायला नव्हे, पिल्लं काढायला.

आता जरा खिडकीबाहेर बघा. एसीच्या आउटडोअर युनिटवर बसून जे घुमतंय, ज्याच्यासाठी तुम्ही बाल्कनीला जाळी बसवून घेतलीत, तेही त्याच प्रजातीचं. शास्त्रीय नाव कोलंबा लिविया. आपला पारवा. चौदा कोटींची मादी आणि तुमच्या बाल्कनीतला हा फुकट्या पाहुणा यांचं मूळ एकच.

मग चौदा कोटी कशाचे?

शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या माणसाच्या हातात नवा पक्षी द्या. तो डोळे बघेल, पंख पसरून बघेल, पण त्याआधी पक्षी तळहातावर घेऊन बोटांनी त्याची छाती चाचपेल. भरीव आहे का, हाडाची धार किती लागते, स्नायू रबरासारखा लवचीक आहे की नुसताच फुगलेला. जिममध्ये आपण 'चेस्ट डे'ला आरशासमोर जे करतो, तेच तो पक्ष्याच्या बाबतीत करतो. फरक एवढाच की इथे पैसे खरे लागलेले असतात. आणि अलीकडे तो आणखी एक गोष्ट विचारतो : याच्या जीनमध्ये काय आहे?

इंजीन छातीत

कबुतराच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या उड्डाणाच्या स्नायूंचा असतो. म्हणजे बघा, सत्तर किलोच्या माणसाची छाती चौदा-पंधरा किलोंची असावी तसं. एवढं ओझं अडकवायला हाडही तसंच लागतं. म्हणून पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधोमध नावेच्या तळासारखी उभी धार असते. तिच्या दोन्ही बाजूंना मुख्य स्नायू, पेक्टोरॅलिस. हा पंख खाली ओढतो आणि पक्ष्याला हवेत ठेवतो.

पंख वर नेणारा स्नायू कुठे असेल? पाठीवर, असं कुणीही म्हणेल. चूक. तोही छातीतच, पेक्टोरॅलिसच्या खाली दडलेला. त्याचं नाव सुप्राकोराकॉइडियस (एका दमात म्हणून दाखवा). त्याची शीर खांद्याजवळच्या तीन हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि हाडाला वरून धरते. विहिरीच्या रहाटासारखं : दोर ओढायचा खाली, बादली येते वर. सगळं वजन पोटाच्या बाजूला राहिल्यामुळे पक्षी हवेत डगमगत नाही.

हा स्नायू गडद लाल असतो. कोंबडीचं 'ब्रेस्ट पीस' पांढरं आणि कबुतराचं काळपट लाल, याचं कारण त्यांच्या दिनक्रमात आहे. कोंबडी फार तर कुंपणापर्यंत फडफडते. तिला क्षणभराचा जोर लागतो, तो पांढऱ्या तंतूंचा. कबूतर तासन्‌तास उडतं. त्याच्या छातीत बारीक लाल तंतूंचं बहुमत, प्राणवायू धरणाऱ्या मायोग्लोबिननं आणि ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेले. मधूनमधून थोडे जाड पांढरे तंतू, झटकन उडून जायच्या वेळी कामाला येणारे.

या दोन प्रकारच्या तंतूंचा हिशेब मांडण्यात बडोद्याचा मोठा वाटा आहे. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात प्रा. जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात कबुतराच्या छातीचे पातळ काप काढून दाखवून दिलं, की लाल तंतू चरबीवर चालतात आणि पांढऱ्यांमध्ये ग्लायकोजेनचा साठा असतो. लांबच्या उड्डाणाचं इंधन साखर नव्हे, चरबी. 'कार्ब लोडिंग'च्या नावाखाली मॅरेथॉनच्या आदल्या रात्री पास्ता खाणाऱ्यांनी हे वाचून हळहळू नये, आपलं इंजीन वेगळं आहे. मोठ्या शर्यतीआधी कबुतरांच्या खाण्यात मका आणि शेंगदाणे वाढवले जातात ते याचसाठी. जॉर्ज यांनी पुढे १९६६ मध्ये अँड्र्यू बर्जर यांच्याबरोबर पक्ष्यांच्या स्नायूंवर 'एव्हियन मायॉलॉजी' हा ग्रंथ लिहिला.

आणि बारावीत ज्या 'क्रेब्ज सायकल'नं तुमची झोप उडवली होती, तीही याच छातीतून आलेली. १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हान्स क्रेब्ज आणि त्यांचा विद्यार्थी विल्यम जॉन्सन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा करून, त्यात सायट्रेट घालून तो किती प्राणवायू खातो ते मोजलं. हाच स्नायू का? कारण त्याचं श्वसन जबरदस्त वेगानं चालतं, बारीकसा फरकही मोजता येतो. 'नेचर'नं त्यांचं टिपण परत पाठवलं, हातात आधीच भरपूर मजकूर आहे म्हणून. १९५३ मध्ये क्रेब्ज यांना नोबेल मिळालं. त्या वर्षी ते ज्यांच्याबरोबर विभागून मिळालं त्या फ्रिट्झ लिपमन यांचं काम बरंचसं कबुतराच्या यकृतावर झालेलं! बाल्कनीतल्या पाहुण्याला हाकलताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

अठरा दिवस आणि चार आठवडे

ही छाती बनते कशी?

अंड्यात गर्भाच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना पेशींचे ठोकळे तयार होतात. त्यातल्या काही पेशी पंखाच्या कळीत शिरतात आणि गंमत म्हणजे पेक्टोरॅलिस होणाऱ्या पेशी तिथून परत फिरून छातीवर पसरतात. आधी पंखात जाऊन मग छातीत. 'तू आता स्नायू हो' हा हुकूम देणारे काही जीन असतात. त्यातला सगळ्यांत गाजलेला 'मायोडी', १९८७ मध्ये सापडलेला. साध्या त्वचेखालच्या पेशीत हा एक जीन चालू केला तर ती स्नायूची पेशी व्हायला लागते. पारवा असो, कोंबडी असो की तुम्ही-आम्ही, हुकूम देणारी ही मंडळी तीच.

पक्ष्याच्या स्नायूत तंतू किती, हे बहुतेक करून अंड्यातून बाहेर येईपर्यंत ठरून गेलेलं असतं. पुढे असलेले तंतू जाड होतात. तंतूंना चिकटून बसलेल्या राखीव पेशी त्यात विलीन होतात आणि स्नायू भरतो.

कबुतराचं पिल्लू सतरा-अठरा दिवसांनी बाहेर येतं ते आंधळं, उघडंबोडकं, छातीच्या जागी जवळजवळ काही नाही असं. कोंबडीचं पिल्लू पहिल्याच दिवशी टुणटुण पळतं; हे मान धरू शकत नाही. पण मग जे काही होतं ते थक्क करणारं. आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या थरातून दह्यासारखा पदार्थ काढून पिल्लाला भरवतात. प्रथिनं आणि चरबीनं भरलेलं हे 'कबुतराचं दूध'. (होय, बापसुद्धा. पॅटर्निटी लीव्हवर वाद घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पहिल्या दोन दिवसांतच पिल्लाचं वजन दुपटीच्या आसपास जातं. आधी वाढतं पोट, आतडी, पाय. छातीचा नंबर उशिरा लागतो. उडायची वेळ जवळ येते तशी ती झपाट्यानं भरते आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लू घरट्याबाहेर.

म्हणजे जीनचं काम फक्त 'किती' सांगायचं नसतं. कधी, कुठे, कोणानंतर कोण, हेही त्यातच येतं. एवढ्या लांब साखळीत एखादी कडी बदलली तर? कबूतर पाळणारे हीच कडी शोधतायत.

शेंडीचा जीन सापडला, छातीचा?

कबुतरांवर माणसानं इतके प्रयोग केलेत, की डार्विननं १८५९ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच त्यांच्यापासून केली. स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या दोन कबूतर-क्लबांचा तो सदस्यही झाला. शेपटीचा पंखा उघडणारा लक्का, हवेत कोलांट्या मारणारी, गळा फुगवणारी, पायात पिसांचे बूट घातलेली, सगळी पारव्याचीच लेकरं. पुढे १८६८ च्या ग्रंथात त्यानं त्यांची हाडं मोजली. त्यात एक नोंद छातीची आहे : जंगली पारव्याशी तुलना करता पाळीव जातींमध्ये छातीचं हाड आखूड आणि त्याची धार बसकी झालेली. डार्विनचा अंदाज असा, की वापर नाही म्हणून अवयव लहान झाला. आज आपण ते थोडं वेगळं सांगू. ढाबळीत बसून दाणे खाणाऱ्या पक्ष्याला कमकुवत छाती चालून जाते, ससाणा काही त्याला वेचून नेत नाही. वर पाळणाऱ्याला हवी असते शेपटी किंवा शेंडी, छातीकडे कुणी बघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड थांबली की गुण ढिला पडतो.

यातल्या काही गुणांचे जीन आता हाती लागलेत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मायकेल शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कबुतराचा जीनोम प्रसिद्ध केला. त्यात डोक्यावरच्या शेंडीचं कोडं सुटलं. 'ईपीएचबी२' नावाच्या जीनमध्ये एका अक्षराचा बदल, आणि मानेवरची पिसं उलटी, वरच्या दिशेनं वाढतात. २०१६ मध्ये पायातल्या पिसांचं रहस्य कळलं : हात-पाय ठरवणाऱ्या दोन जीनचे स्विच इकडचे तिकडे झाल्यामुळे पाय अर्धवट पंखासारखा वागायला लागतो. २०२१ मध्ये आखूड चोचीमागचा 'आरओआर२' सापडला.

एक जीन, एक गुण. बातमीला किती सोपं! मग छातीचंही असंच असणार, असं वाटणं साहजिक होतं. त्यात प्राण्यांमधला स्नायूंचा सुपरस्टार जीन सगळ्यांना ठाऊक होता : मायोस्टॅटिन. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलेला. याचं काम स्नायूला 'पुरे आता' म्हणणं. तो बंद पडला की स्नायू थांबतच नाहीत. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे फोटो बघा, कातडीखाली उशा भरल्यासारखे. २०२० मध्ये संशोधकांनी कोंबडीमध्ये हा जीन मुद्दाम बंद पाडला, तर तिचे स्नायू वाढले आणि पोटावरची चरबी कमी झाली. कोण म्हणेल नको?

पण मला यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते व्हिपेट कुत्र्यांचं. शर्यतीत पळणारी ही सडपातळ जात. २००७ मध्ये कळलं, की काही व्हिपेटमध्ये मायोस्टॅटिनची एक प्रत बिघडलेली असते आणि ती सगळ्यांत वेगवान कुत्र्यांमध्ये मोडतात. दोन्ही प्रती बिघडल्या तर? कुत्रं पैलवान होतं, मान-खांदे अवाढव्य, आणि शर्यतीच्या कामाचं राहत नाही. पाळणारे त्याला 'बुली' म्हणतात. एक जिना वर चढलात तर पदक, दोन चढलात तर बाद.

हवेत तर हा हिशेब आणखी कडक. पक्ष्याचा आकार वाढला की वजन घनानं वाढतं, पंखाचं क्षेत्रफळ फक्त वर्गानं. मांसासाठी वाढवलेली अमेरिकन 'किंग' जातीची कबुतरं पाऊण किलोच्या पुढे जातात. शर्यतीच्या होमर कबुतराच्या दीडपट, दुपटीपर्यंत. छाती डोळ्यांत भरेल अशी. पण उडायला सांगा! छाती भरलेली म्हणजे उड्डाण भारी, हे समीकरणच इथे कोसळतं.

तर मग शर्यतीच्या कबुतरांचं नेमकं काय? २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या टीमनं इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न सरळ विचारला. शर्यतीच्या पक्ष्यांचे अख्खे जीनोम वाचले, इतर जातींशी ताडून बघितले, छातीच्या स्नायूत आणि मेंदूत कोणते जीन किती बोलतात तेही मोजलं. निवडीची सगळ्यांत ठळक खूण सापडली 'सीएएसके' या जीनपाशी. हा जीन नस आणि स्नायू जिथे भेटतात तो सांधा घडवण्यात असतो. म्हणजे इंजिनापेक्षा इंजिनाच्या वायरिंगमध्ये! स्नायूत २१३ जीनच्या पातळीत फरक दिसला, मेंदूत २९.

पण खरी बातमी पुढे आहे. शर्यतीच्या सगळ्या पक्ष्यांत आहे आणि इतर जातींत कुणातच नाही, असा एकही बदल मिळाला नाही. शेंडीसारखा स्विच नाहीच. निष्कर्ष असा की वेग, दम आणि घर शोधण्याची अक्कल ही पुष्कळ जीनच्या बारीक बारीक फरकांची बेरीज आहे. आणि ते फरक या जातीनं नव्यानं कमावलेले नाहीत. जात घडायला लागली तेव्हा ते साध्या कबुतरांत विखुरलेले होतेच; बेल्जियममधल्या पाळणाऱ्यांनी दीडेकशे वर्षं न थकता ते एका पक्ष्यात गोळा करत आणले. बोटांनी छाती चाचपत.

पीस पाठवा, भविष्य घ्या

हे वाचून बाजार थांबला असता तर तो बाजार कसला! युरोपातल्या प्रयोगशाळा कबुतरांच्या जीन-टेस्ट विकतात. पक्षी न्यायची गरज नाही, दोन-चार उपटलेली पिसं पाकिटात घालून पाठवायची, मुळाशी चिकटलेल्या पेशी पुरतात. दोन नावं त्यात हमखास : 'एलडीएचए', स्नायूत लॅक्टिक आम्लाच्या कारभारात असलेला, आणि 'डीआरडी४', मेंदूतल्या डोपामिनशी संबंधित. दोन्हींवर पोलंडमधल्या संशोधकांचे अभ्यास आहेत आणि शर्यतीतल्या कामगिरीशी त्यांचा काही एक संबंध दिसलेला आहे. खोटं नाही ते. पण शेकडो वाटेकऱ्यांच्या कंपनीत दोघांचे शेअर्स बघून कंपनी विकत घ्यावी तसं आहे.

आणि आपण कबूतरवाल्यांना हसायचं कारण नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'एसीटीएन३' या जीनचा एक प्रकार अव्वल धावपटूंमध्ये जास्त दिसतो असं दाखवलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुलाच्या गालाच्या आतून काडी फिरवून 'हा स्प्रिंटर होणार की मॅरेथॉनर' हे सांगणाऱ्या टेस्ट बाजारात आल्या. आपल्याकडेही त्या मिळतात, छान चकचकीत रिपोर्टसकट. २०१५ मध्ये जगभरातल्या क्रीडा-जनुकशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जाहीर निवेदन काढलं, की गुणवत्ता हेरायला किंवा ट्रेनिंग ठरवायला अशा टेस्टचा उपयोग करू नये, मुलांच्या बाबतीत तर नाहीच. तरी पाचवीतल्या मुलाला क्रिकेट की बॅडमिंटन, हे थुंकीवरून ठरवायचा मोह आईबाबांना होतोच. रिपोर्टमध्ये 'स्प्रिंट : कमी' असं आलं, की ते मूल पळायला जाण्याआधीच हरलेलं असतं. कबुतरांचं बरं आहे, त्यांना रिपोर्ट वाचता येत नाही.

उलट टोकाला निवड यशस्वी झाली तर काय होतं, हे कोंबड्यांकडे बघून कळतं. कॅनडातल्या अभ्यासकांनी १९५७ सालचा जपून ठेवलेला वाण आणि २००५ सालचा ब्रॉयलर एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. छप्पन्न दिवसांनी जुन्याचं वजन ९०५ ग्रॅम, नव्याचं ४ किलो २०० ग्रॅम. छाती तर प्रमाणाबाहेर. आता त्याच छातीत 'वुडी ब्रेस्ट' नावाचा आजार आढळतो : रक्तपुरवठा वाढीला पुरा पडत नाही, तंतू मरतात आणि मांस लाकडासारखं घट्ट लागतं. कबुतराच्या छातीला हे परवडलंच नसतं. तिला रोज उडून दाखवायचं असतं.

राहता राहिली न्यू किम. तिचं प्रत्येक पिल्लू तिचे निम्मेच जीन घेणार, बाकीचे बापाचे. एका वेळी अंडी दोन. हजारो बारीक फरकांचे पत्ते दर वेळी नव्यानं पिसले जाणार, त्यामुळे चॅम्पियनचा सख्खा भाऊ साधारण निघतो, तर कधी साध्या जोडीच्या पोटी वादळ जन्मतं. चांगल्या आईबापांची पिल्लं सरासरीनं चांगली निघतात, हे खरंच. चौदा कोटी त्या सरासरीवर लावलेले आहेत. वर सगळं छातीवर ठरतही नाही. युरोपात शर्यतीआधी नराला काही दिवस जोडीदारणीपासून वेगळं ठेवतात, निघताना फक्त तिचं दर्शन घडवतात. मग बघा तो कसा घरी येतो! या पद्धतीला ते लोक गमतीनं 'विधुरपण' म्हणतात. त्याची जीन-टेस्ट अजून कुणी काढलेली नाही.

म्हणून पाळणारा लाखांचं पिल्लू असो की शेजाऱ्यानं दिलेलं, दोघांना एकाच करंडीत घालतो. आधी गावाच्या वेशीवर नेऊन सोडतो, मग वीस किलोमीटरवर, मग पन्नास, मग शंभर. येतं त्याला पुढे नेतो. पायातली चिप ढाबळीच्या दारातल्या पट्टीवरून गेली, की यंत्रात वेळ उमटते, सेकंदासकट.